राखीव खात्यात पैसे असतात की नुसती नावं?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी कॅलिफोर्नियात एका काउंटीच्या कर्मचारी पेन्शन सिस्टिममध्ये अकाउंटिंगला आहे (कुठली काउंटी ते विचारू नका, नोकरी टिकवायची आहे). आमचा कायदा १९३७ सालचा, म्हणून सगळे त्याला 'सदतीस ॲक्ट' म्हणतात, वीस काउंट्या त्याच्यावर चालतात. या कायद्यामुळे फंडाचे पैसे कागदावर वेगवेगळ्या रिझर्व्हमध्ये मांडावे लागतात. नोकरीत असलेल्यांच्या पगारातून कापलेले पैसे आणि त्यावरचं व्याज एका रिझर्व्हमध्ये, काउंटीने भरलेले दुसऱ्यात, आणि माणूस निवृत्त झाला की त्याचे पहिल्यातले पैसे अधिक काउंटीच्या रिझर्व्हमधून त्याच्या वाट्याचे, असं दोन्ही उचलून निवृत्तांच्या रिझर्व्हमध्ये. शिवाय निवृत्तांना जादा लाभ द्यायला एक सप्लिमेंटल रिझर्व्ह, आणि अडीअडचणीला कंटिन्जन्सी रिझर्व्ह.

आता प्रश्न. सोयीसाठी फंड १००० धरा. सदस्यांचा रिझर्व्ह १८०, काउंटीचा ३००, निवृत्तांचा ४८०, सप्लिमेंटल ३०, कंटिन्जन्सी १०. वर्षातून दोनदा, ३० जून आणि ३१ डिसेंबरला, आम्ही रिझर्व्हना व्याज क्रेडिट करतो. गृहीत दर वर्षाला ७ धरला तर सहामाहीला साडेतीन टक्के, कंटिन्जन्सीला व्याज नाही म्हणून ९९० वर, म्हणजे ३४.६५. समजा या सहामाहीत हिशेबी कमाई झाली ४२. उरले ७.३५. कायद्यात एकूण मालमत्तेच्या १ टक्क्याचा आकडा आहे, तेवढी कंटिन्जन्सी ठेवली की वरचं काय करायचं ते फंडाचं ट्रस्टी बोर्ड ठरवू शकतं. फंड आता १०४२ झाला, १ टक्का म्हणजे १०.४२, म्हणून ०.४२ तिकडे टाकले. राहिले ६.९३.

हे ६.९३ बघून बोर्डातल्या दोघा-तिघांचे डोळे चमकलेत. निवृत्तांचे प्रतिनिधी म्हणतात सप्लिमेंटलमध्ये टाका, काउंटीचा माणूस म्हणतो आमच्या रिझर्व्हमध्ये टाका म्हणजे आमचा हप्ता कमी होईल. आणि ॲक्चुअरीचा (पेन्शनचं देणं गणिताने काढणारा तज्ज्ञ) रिपोर्ट त्याच टेबलावर पडलेला, त्यात लिहिलंय की फंड १००० असताना देणं होतं १२५० चं! म्हणजे एका कागदावर ६.९३ जास्त आणि दुसऱ्या कागदावर २५० कमी, एकाच फंडात, एकाच टेबलावर. मी साहेबांना म्हटलं हे 'जास्त' नाहीच मुळी, तर ते म्हणाले खात्यात दिसतंय ना मग आहे. यांना समजावायचं कसं? आणि तुम्ही असता तर ते ६.९३ कुठे टाकले असते?

कंसातला_मी

पहिला! नंतर वाचतो.

शमा_के

वाचतेय. पेन्शन या शब्दाला मी आजवर घाबरूनच होते, पण १००० च्या उदाहरणामुळे निम्मं तरी कळलं. एक बाळबोध प्रश्न, हे पाच रिझर्व्ह म्हणजे पाच बँक खाती का? की गुंतवणुकी तरी वेगवेगळ्या?

जमाखर्च

@शमा_के, बाळबोध अजिबात नाही, निम्म्या ट्रस्टींना हाच गैरसमज आहे. पैसा सगळा एकत्र, शेअर, बाँड, रिअल इस्टेट सगळं एकाच गाठोड्यात. हौद एक, आत भिंतीवर खुणा पाच असं समजा. आम्ही दर सहामाहीला खुणा सरकवतो. खूण सरकवल्याने हौदात थेंबभर पाणी वाढत नाही.

निवृत्त_वेताळ

मी तीस वर्षं सरकारी ऑडिटमध्ये काढली (भारतात), त्यामुळे हात शिवशिवतात.

तुमच्या उदाहरणात एक खोट आहे. देणं १२५० आणि फंड १००० म्हणून २५० कमी असं तुम्ही म्हणताय, पण त्या १००० मधले सप्लिमेंटलचे ३० मूळ पेन्शनसाठी नाहीतच, ते जादा लाभाला बांधलेले. कंटिन्जन्सीचे १० पण पुष्कळ ॲक्चुअरी बाजूला ठेवतात. मग राहिले ९६०. ९६० भागिले १२५०, ७६.८ टक्के. तूट २९० ची. साहेबांना २५० सांगून तुम्ही त्यांना ४० ची सूट देताय. बोर्डापुढे जाण्याआधी हे दुरुस्त करा, नाहीतर पहिला प्रश्न यावरच येईल आणि बाकीचं कुणी ऐकणार नाही.

जमाखर्च

काका, बरोबर. घाईत लिहिलं. आमच्याकडे व्हॅल्युएशनमध्ये (ॲक्चुअरीच्या मोजणीत) दोन्ही वगळतात. २९० धरा.

टोकदार_पेन्सिल

माझं मत बाकीच्यांना पटणार नाही पण मांडतोच. हे रिझर्व्ह काढून टाका. १९३७ साली जाड वह्यांत हिशेब लिहायचे, तेव्हा कुणाचे किती हे कळायला रकाने पाडावे लागत. आता गॅस्बचं (अमेरिकेतल्या राज्य-शहर सरकारांच्या हिशेबाचे नियम ठरवणारं मंडळ) ६७ नंबरचं स्टँडर्ड २०१२ ला आलं, त्यात एक मालमत्ता, एक देणं, वजाबाकी, संपलं. रिझर्व्हचा ताळेबंद नोट्समध्ये कुठेतरी मागे पडलाय. रकाने असतात म्हणून तर लोकांना 'उरलेले' दिसतात. रकानाच नसेल तर उरेल कुठे?

गोगलगाय७२

+१

मनाली_ॲक्च्यु

-१ :) मी या क्षेत्रात काम करते (ॲक्चुअरी, अजून दोन परीक्षा बाकी, प्लीज चौकशी करू नये), म्हणून जरा लांबण लावते.

@टोकदार_पेन्सिल, सदस्यांचा रिझर्व्ह काढला तर उद्या पाच वर्षं नोकरी करून कुणी सोडून गेला आणि म्हणाला माझे पैसे परत द्या, तर देणार किती? त्याला त्याचा स्वतःचा भाग व्याजासकट परत घेता येतो, काउंटीचा भाग मिळत नाही. म्हणजे तो हिशेब माणसागणिक ठेवावाच लागतो. तो रिझर्व्ह खरा आहे, त्याच्या मागे हक्क आहे.

काउंटीचा रिझर्व्ह आणि निवृत्तांचा रिझर्व्ह यांचं मात्र तुमचं थोडं बरोबर आहे. त्यांच्यातली रेघ आपण मारलेली असते. निवृत्तांच्या रिझर्व्हमध्ये माणसागणिक अंदाजाने पैसे हलवतो, मग लोक अंदाजापेक्षा जास्त जगतात (जगोत बापडे), व्याज कमी पडतं, आणि पंधरा वर्षांनी बघावं तर त्या रिझर्व्हमधला आकडा खऱ्या देण्यापेक्षा बराच खाली आलेला. मग आम्ही सांगतो की काउंटीच्या रिझर्व्हमधून इतके इकडे टाका. त्याला ट्रू-अप म्हणतात. @जमाखर्च, तुमच्याकडे शेवटचा ट्रू-अप कधी झालाय ते आधी बघा. ६.९३ च्या मागे लागलेत सगळे आणि तिकडे ४८० हे खरं म्हणजे ५०० असायला हवेत असं निघायचं.

आता मुद्द्याचं. 'कमाई ४२' हा आकडा पण खरा नाही. तो स्मूद केलेला आहे. बाजारात एका वर्षात जे जास्त-कमी होतं ते आपण साधारण पाच वर्षांत थोडं थोडं करून हिशेबात घेतो, म्हणजे हप्ता दरवर्षी उड्या मारत नाही. जे अजून हिशेबात घेतलेलं नाही ते एका वेगळ्या ओळीत बसतं, पुष्कळ ठिकाणी तिला मार्केट स्टॅबिलायझेशन म्हणतात. ती ओळ उणे असू शकते. तुमच्या १०४२ च्या खाली ती ओळ काय म्हणते? बाजारभावाने फंड १०१० असेल, तर ३२ चा तोटा रांगेत उभा आहे आणि आपण पुढच्या दाराने ६.९३ वाटायला निघालोय.

कंसातला_मी

आलो वाचून. उणे आकडा अकाउंटवाले कंसात लिहितात ना? म्हणजे माझ्या नावाचं सार्थक झालं.

जमाखर्च

मनालीताई, वर्मावर बोट. स्टॅबिलायझेशनची ओळ गेल्या डिसेंबरला अधिक होती, आता कंसाकडे चाललीये. ट्रू-अपचं उद्या ऑफिसात बघतो.

विस्कॉन्सिनकर

मी विस्कॉन्सिनच्या राज्य सिस्टिममधून निवृत्त झालेला, युनिव्हर्सिटीत होतो. आमच्याकडे याच प्रश्नाला वेगळं उत्तर आहे म्हणून लिहितो.

आमचे पण तीन मुख्य रिझर्व्ह, कर्मचाऱ्यांचा, एम्प्लॉयरचा आणि ॲन्युइटीचा. निवृत्त झालात की पहिल्या दोन्हीतले पैसे ॲन्युइटी रिझर्व्हमध्ये जातात, आणि तिथे हिशेब ५ टक्के दराचा. ५ च्या वर मिळालं की पेन्शन वाढते. पण (हा पण महत्त्वाचा) कमी पडलं तर पेन्शन कमी होते! मूळ रकमेच्या खाली जात नाही, मधल्या काळात मिळालेल्या वाढी मात्र परत घेतात. २००८ ला कोअर फंड (आमचा मुख्य फंड) २६ टक्क्यांच्या वर पडला, त्याचं स्मूदिंग पाच वर्षं चाललं, आणि आम्हाला २००९ ला उणे २.१, २०१० ला उणे १.३, २०११ ला उणे १.२, २०१२ ला उणे ७.०, २०१३ ला उणे ९.६. सगळ्यात मोठा फटका पाचव्या वर्षी, बाजार केव्हाच वर आलेला असताना. शेजारी विचारायचे टीव्हीवर तर सगळं हिरवं दाखवतात, तुझी पेन्शन का कापतायत, आणि मी स्मूदिंग समजावत बसायचो. ज्यांनी व्हेरिएबल फंड (शेअरमधला, ऐच्छिक) घेतला होता त्यांना तर २००९ मध्ये त्या भागावर एका झटक्यात उणे ४२.

तेव्हा शिव्या दिल्या मी, खोटं कशाला बोलू. पण आज वाटतं की हेच सरळ आहे. ज्याला 'जास्त' मिळतं त्यालाच 'कमी' पण मिळतं. तुमच्याकडे निवृत्तांचे प्रतिनिधी ६.९३ मागतायत, ते पुढच्या वर्षी कमी पडलं तर ६.९३ परत देतील का? विचारून बघा.

शमा_के

बाप रे, पेन्शन कमी पण होते?? मला वाटायचं एकदा ठरली की ठरली.

निवृत्त_वेताळ

@विस्कॉन्सिनकर, उत्तम प्रतिसाद. शेवटचा प्रश्न तर फ्रेम करून लावण्यासारखा.

मनाली_ॲक्च्यु

याचंच गणित सांगते, कारण हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. काही सदतीस ॲक्टवाल्या सिस्टिममध्ये असा नियम स्वीकारलेला आहे की जादा कमाईतला अर्धा भाग थेट सप्लिमेंटलला जातो. ऐकायला गोड, अर्धं तुम्हाला अर्धं आम्हाला. आता एक वर्ष १७ टक्के, दुसरं वर्ष उणे ३, सरासरी ७, आणि गृहीत दर पण ७. सगळं आलबेल ना? नाही. चांगल्या वर्षात ७ च्या वरचे १०, त्यातले ५ बाहेर गेले, फंडाला राहिले १२. वाईट वर्षात मात्र अख्खा खड्डा फंडाचाच, उणे ३. १२ आणि उणे ३ ची सरासरी साडेचार! ७ धरून हप्ते ठरवलेत आणि फंड मूळ पेन्शनसाठी साडेचार कमावतोय. स्मूदिंग आणि कंटिन्जन्सीमुळे प्रत्यक्षात इतकं भयंकर होत नाही, उदाहरण मुद्दाम भडक घेतलंय, पण दिशा हीच. असा नियम असेल तर ॲक्चुअरीने त्याची किंमत वेगळी काढून दाखवावी अशी आता अपेक्षा असते.

टोकदार_पेन्सिल

हे गणित मात्र मानलं. पण मग माझाच मुद्दा सिद्ध होतो की नाही? रकाना नसता तर हे झालंच नसतं.

मनाली_ॲक्च्यु

रकाना नसता तर हेच काम ठराव करून केलं असतं. सॅन डिएगो शहराचं काय झालं ते आठवा. तिथे तर 'जादा कमाई' कुठल्या क्रमाने कशाकशावर ओतायची याची रीतसर उतरंड होती, तिला वॉटरफॉलच म्हणायचे, त्यात निवृत्तांना तेरावा चेक पण होता. आणि वर १९९६ साली करार केला की शहर गरजेपेक्षा कमी हप्ता भरेल, बदल्यात लाभ वाढतील, फंडिंग (देण्याच्या मानाने फंडात असलेला पैसा) ८२.३ टक्क्यांच्या खाली गेलं तर मात्र शहराने भरायचे. तो आकडा जवळ यायला लागला तेव्हा २००२ ला दुसरा करार करून हीच अट सैल केली. बाँड घेणाऱ्यांना हे नीट सांगितलं नाही म्हणून २००६ मध्ये एसईसीने (अमेरिकेतला शेअर-बाँड बाजाराचा नियामक) शहरावर ऑर्डर काढली. रकान्यांचा दोष किती आणि रकान्यात हात घालणाऱ्यांचा किती?

गोगलगाय७२

तेरावा चेक! आमच्याकडे बाराच धड येत नाहीत.

ओरेगावकर

ओरेगन म्हणा मंडळी, नावावर जाऊ नका :D

आमच्या राज्यातली कथा टाकल्याशिवाय हा धागा पूर्ण होत नाही. जुन्या सदस्यांच्या खात्याला गृहीत दराएवढ्या व्याजाची हमी, तेव्हा तो दर होता ८. चांगल्या वर्षात वरचं काही राखून ठेवायचं आणि वाईट वर्षात त्यातून हमी भागवायची, कल्पना एकदम झकास. १९९९ मध्ये फंडाने जवळपास २५ टक्के कमावले. बोर्डाने सदस्यांच्या खात्यात किती टाकावेत? २०! राखीवात जायला हवे होते ते खात्यात गेले, आणि एकदा खात्यात गेलं की बाहेर काढणं महाकठीण. त्यात 'मनी मॅच' नावाची भानगड, निवृत्तीच्या वेळी खात्यात जेवढे तेवढेच एम्प्लॉयरने टाकायचे, म्हणजे त्या २० मागे एम्प्लॉयरचे पण तेवढेच. पुढे लगेच बाजार पडला. मग एम्प्लॉयर कोर्टात गेले, २००२ मध्ये जज्ज म्हणाले ११.३३ च द्यायला हवे होते. २००३ ला विधिमंडळाने कायदा बदलला, राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं, आणि शेवटी निवृत्त लोकांची पेन्शन पुन्हा मोजून जादा गेलेले वसूल करायला घेतले. घर बांधून झाल्यावर विटा परत मागाव्यात तसं.

म्हणून @जमाखर्च, माझं उत्तर, ६.९३ ला हात लावू नका. रिझर्व्ह भरायचा तो चांगल्याच वर्षी भरावा लागतो, वाईट वर्षी भरायला काही नसतंच.

भिडू_नं_१

डेट्रॉइट विसरलात. तिथे कर्मचाऱ्यांच्या ऐच्छिक ॲन्युइटी सेव्हिंग्जच्या खात्यांना बाजार पडलेल्या वर्षांतही ठरलेला दर देत राहिले. ते पैसे आकाशातून आले नाहीत, मूळ पेन्शनच्या बाजूने आले. जुलै २०१३ ला शहर दिवाळखोरीत गेलं, तेव्हा त्या खात्यांवर मिळालेलं जादा व्याज परत वसूल करायचं कलम प्लॅनमध्ये आलं, शिवाय सर्वसाधारण निवृत्तांची पेन्शन साडेचार टक्के कापली आणि महागाईची वाढ बंद.

शमा_के

मला एक पॅटर्न दिसतोय. आधी खात्यात टाकतात, मग कोर्ट, मग परत मागतात.

कंसातला_मी

शमाताई, तुम्ही निम्मं समजलं म्हणालात, तुम्हाला सगळंच समजलंय.

काउंटी_बाजू

सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून दुसरी बाजू. मी एका शहराच्या फायनान्समध्ये आहे, म्हणजे हप्ता भरणाऱ्यांपैकी. पेन्शनचा हप्ता वाढला की ग्रंथालयाचे तास कमी होतात, रस्त्याचं काम पुढे ढकललं जातं, आणि कौन्सिलच्या मीटिंगला लोक आमच्या नावाने खडे फोडतात. त्यामुळे एम्प्लॉयरच्या रिझर्व्हमध्ये टाका म्हणणारा माणूस खलनायक नाही हो. सप्लिमेंटलमध्ये गेलेले पैसे नव्या खर्चाला जातात, एम्प्लॉयरच्या रिझर्व्हमध्ये गेलेले निदान मूळ देण्याला तरी लागतात.

निवृत्त_वेताळ

@काउंटी_बाजू, मान्य, पण रिझर्व्हमध्ये टाकणं वेगळं आणि त्यावर हप्ता कमी करणं वेगळं. टाका आणि हप्ता चालू ठेवा, कुणाची हरकत?

मनाली_ॲक्च्यु

आणि कॅलिफोर्नियात २०१३ पासून पेप्रा या पेन्शन सुधारणा कायद्यात हे बरंचसं बांधलंय. त्या वर्षाची जी नॉर्मल कॉस्ट (त्या वर्षाच्या नोकरीमुळे वाढलेल्या पेन्शनची किंमत), तेवढा हप्ता कर्मचारी आणि एम्प्लॉयर मिळून भरायलाच हवा, फंडिंग १२० टक्क्यांच्या वर असल्याशिवाय सुट्टी नाही. तुमचं आहे ७६.८.

गंमत म्हणजे आमच्या दृष्टीने ६.९३ काउंटीच्या रिझर्व्हमध्ये टाकले काय आणि कुठेच न टाकता 'अवाटप' म्हणून ठेवले काय, जोवर ते व्हॅल्युएशनच्या मालमत्तेत धरले जातात तोवर हप्त्यावर परिणाम तोच. फरक पडतो तो सप्लिमेंटलमध्ये (किंवा कंटिन्जन्सीत) टाकल्यावर, कारण ते व्हॅल्युएशनच्या बाहेर जातात.

टोकदार_पेन्सिल

म्हणजे पाचपैकी तीन खुणांना काही अर्थ नाही आणि दोघींनाच आहे. मी काय वेगळं म्हणत होतो?

मनाली_ॲक्च्यु

अर्थ आहे, पण तो ॲक्चुअरीला नाही, वकिलाला आहे. उदाहरणार्थ निवृत्तांचा आरोग्यविमा. पेन्शनच्या ट्रस्टमधून तो असाच देता येत नाही, टॅक्स कायद्यातलं ४०१ एच नावाचं वेगळं खातं लागतं. मग एम्प्लॉयर आपल्या हप्त्यातला काही भाग तिकडे भरतो आणि तेवढेच सप्लिमेंटलमधून एम्प्लॉयरच्या रिझर्व्हमध्ये वळवतात. डाव्या खिशातून उजव्या, पण खिसे वेगळे दिसावे लागतात.

सह्याद्री_एक्स्प्रेस

हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडच्या जुन्या पेन्शनला तर हौदच नाही, वर्षाच्या बजेटमधून पेन्शन जाते. जीपीएफमध्ये खात्यावर आकडा दिसतो, पण तो पैसा सरकारच्या लोक लेख्यात, म्हणजे सरकारकडेच. तिथे धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर सरळ आहे, नुसती नावं! आणि तरी आजवर एकाचाही जीपीएफ बुडलेला मी पाहिला नाही. मग इतके रिझर्व्ह करून अमेरिकेने मिळवलं काय?

भिडू_नं_१

एनपीएसला हौद आहे, केंद्रात १ जानेवारी २००४ पासून. त्याच्यावर मात्र लोक संपावर गेले, महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये आठवडाभर. लोकांना हौद नको, हमी हवी.

निवृत्त_वेताळ

आणि आता १ एप्रिल २०२५ पासून केंद्राच्या यूपीएसमध्ये (एकीकृत पेन्शन योजना) दोन्ही एकत्र करून बघतायत. कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि सरकारचे १० टक्के वैयक्तिक कॉर्पसमध्ये, शिवाय सरकारचे अंदाजे साडेआठ टक्के पूल कॉर्पसमध्ये. २५ वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची हमी, आणि वैयक्तिक कॉर्पस त्याला कमी पडला तर पूलमधून. म्हणजे तो पूल कॉर्पस ही जमाखर्च यांच्या कंटिन्जन्सीची चुलत बहीण समजा. आज तिथे जमाच जमा आहे, निवृत्त होणारे थोडे. त्या पूलमध्ये 'जास्त' दिसायला लागेल तेव्हा कोण काय मागतं ते बघायला मी नसेन, तुम्ही बघा.

सह्याद्री_एक्स्प्रेस

काका, जुनी पेन्शन हा हक्क आहे, त्याला हौद-बिद म्हणून कमी लेखू नका.

भिडू_नं_१

कमी कोण लेखतंय? पैसे कुठून येतात एवढंच विचारलं.

सह्याद्री_एक्स्प्रेस

हेच विचारणारे कर्जमाफीच्या वेळी कुठे असतात?

धागारक्षक

जुनी-नवी पेन्शन या विषयावर आधीच चार धागे चालू आहेत आणि चारही पेटलेले आहेत. इथे मूळ प्रश्नावर या, नाहीतर प्रतिसाद उडवले जातील.

कंसातला_मी

(सह्याद्री एक्स्प्रेस यार्डात)

जमाखर्च

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, त्यातली एक लाजिरवाणी.

मनालीताईंनी सांगितल्यावर ट्रू-अपची फाइल काढली. शेवटचा ट्रू-अप झाला त्याला बरीच वर्षं झालीत. ते सोडा, जुळवाजुळव करताना लक्षात आलं की गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या काही लोकांचे पैसे सदस्यांच्या रिझर्व्हमधून निवृत्तांच्या रिझर्व्हमध्ये हलवलेच गेले नव्हते. पेन्शनचे चेक वेळेवर जात होते, ते निवृत्तांच्या रिझर्व्हमधून, पण आवक मात्र झालेली नाही. आणि ते पैसे इकडे सदस्यांच्या खात्यात बसून व्याज खात होते. एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात जाणारी एंट्री अडकलेली, कुणाला दोन सहामाह्या कळलं नाही, कारण एकूण बेरीज बरोबर होती! हौदात पाणी तेवढंच, खूण चुकलेली. आणि हो, त्या एंट्रीच्या तपासणीवर सही माझीच आहे.

निवृत्त_वेताळ

स्वतःहून सांगितलंत हे चांगलं. बाहेरच्या ऑडिटरला आजच कळवा, उद्या नको. बेरीज जुळते म्हणून रकाने तपासायचे नाहीत ही चूक मी माझ्या हयातीत निदान शंभरदा पकडली आणि दोनदा स्वतः केली. दर महिन्याला निवृत्तांची यादी घ्या, रिझर्व्हच्या ट्रान्सफरशी माणसागणिक ताडून बघा, संपलं. पाऊण तासाचं काम.

शमा_के

पण कुणाचं नुकसान झालं का यात?

जमाखर्च

माणसाचं नाही. पेन्शन सूत्राने ठरते, खुणेने नाही. पण व्याज चुकीच्या ओळीला गेलं, ते परत फिरवायचंय.

टोकदार_पेन्सिल

'माणसाचं नाही' हे वाक्य ठळक करा. मी थांबतो आता.

मनाली_ॲक्च्यु

@टोकदार_पेन्सिल, थांबू नका, करमणार नाही.

@जमाखर्च, बोर्डासाठी एक सुचवू? ६.९३ वर चर्चाच करू नका. एकाच पानावर तीन ओळी द्या, आज क्रेडिट केल्यावर उरलेलं, अजून हिशेबात न घेतलेला बाजाराचा फायदा-तोटा, आणि मूळ देण्यातली तूट. शेजारी शेजारी. बाकी काही बोलू नका, त्यांनाच वाचू द्या. माझ्या अनुभवात ट्रस्टी लोक मूर्ख नसतात, त्यांना या तीन ओळी तीन वेगळ्या मीटिंगमध्ये, तीन वेगळ्या माणसांकडून, वेगळ्या रंगाच्या स्लाइडवर दाखवलेल्या असतात.

ओरेगावकर

आणि क्रेडिट करायची पॉलिसी चांगलं वर्ष यायच्या आधी लिहून घ्या. कमाई कमी पडली तर आधी कंटिन्जन्सी, मग काय? काही ठिकाणी 'कॉन्ट्रा ट्रॅकिंग' नावाचं उणे खातं ठेवतात, व्याज पूर्ण द्यायचं आणि कमी पडलेलं तिथे लिहून ठेवायचं, पुढची चांगली कमाई आधी तो खड्डा भरणार आणि मगच 'जास्त'. तुमच्याकडे आहे का ते?

जमाखर्च

आहे ना. शून्यावर आहे सध्या.

कंसातला_मी

सध्या.

गोगलगाय७२

मीटिंगचं काय झालं? धागा वर काढतोय.

जमाखर्च

झाली मीटिंग गेल्या आठवड्यात. मनालीताईंचं तीन ओळींचं पान ठेवलं. पहिल्या ओळीत ६.९३, दुसरी कंसात, तिसरी त्याहून मोठ्या कंसात. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग निवृत्तांच्या प्रतिनिधींपैकी एक आजी आहेत, चाळीस वर्षं काउंटीच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्या म्हणाल्या की दुसऱ्या ओळीतलं तुम्ही पाच वर्षांत आणणार, मग पहिल्या ओळीतलं आजच कशाला वाटताय? मी विस्कॉन्सिनकरांचा प्रश्न खिशात घेऊन गेलो होतो, काढावाच लागला नाही.

ठराव असा की ६.९३ अवाटप ठेवायचे, ट्रू-अप आधी करायचा. ॲक्चुअरीने काढलेला आकडा आला, आपल्या १००० च्या मापात सांगायचं तर निवृत्तांच्या रिझर्व्हला २२ हवेत. काउंटीच्या माणसाचा चेहरा पडला, कारण ते २२ त्यांच्या रिझर्व्हमधून जाणार, त्याला दोनदा समजावलं की यामुळे तुमचा हप्ता बदलत नाही. तिसऱ्यांदा समजावायला सोमवारी बोलावलंय.

काउंटी_बाजू

मला पण बोलवा. मी त्याच्या बाजूने बसतो.

जमाखर्च

या की. फक्त ट्रान्सफरचं शेड्यूल प्रिंट करून आणा, आमचा प्रिंटर उणे खूण छापत नाहीये, दोन आठवडे झाले, सगळे आकडे अधिक येतायत.

कंसातला_मी

तो प्रिंटर बोर्डावर घ्या.